मन चिंती ते...

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पूर्वी चिंता करायलाही थोडी कल्पनाशक्ती लागत असे. आता इंटरनेटवर ती उसनी मिळते.

ही व्यथा तशी नवी नव्हे. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) या पुस्तकातील निवेदक ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचा ग्रंथ चाळतो आणि एक सोडून सारे रोग आपल्याला जडले आहेत, अशी खात्री करून घेतो. ते वाचून आपल्याला हसू येते. पण त्याला निदान ग्रंथालयापर्यंत चालत जावे लागले होते. आपला ग्रंथ उशाशीच असतो.

गेल्या वर्षी आईला वरचेवर चक्कर येऊ लागली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच; तेव्हा मोबाईलवर शोधण्याचे काम माझ्याकडे आले. आधी अशक्तपणा दिसला, मग कानाचा विकार, आणि शेवटी मेंदूतील गाठ.

“काय लिहिलंय गं?” आईने विचारले.

“काही नाही, विश्रांती घ्यायला सांगितलंय.”

त्या तीन रात्री आई शांत झोपली. मी तिचा श्वास ऐकत जागी होते. घरात जो एकटा वाचतो, त्याला भीतीही एकट्यानेच बाळगावी लागते.

चौथ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी आईची खालची पापणी ओढून पाहिली, चार प्रश्न विचारले आणि रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ८ निघाले. लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि गोळीबरोबर चहा न घेण्याची ताकीद.

मोबाईलवरील माहिती खोटी नव्हती. चक्कर येण्याची ती सारी कारणे खरीच आहेत. पण नेहमीचे कारण कोणते आणि क्वचितचे कोणते, हा तोल तिथे नव्हता. मायक्रोसॉफ्टचे संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ साली हेच दाखवले. डोकेदुखीविषयी शोध घेतला, की चहा-कॉफी सुटल्याचे साधे कारण आणि मेंदूतील गाठ ही दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात समोर येत होती. प्रत्यक्षात गाठ अत्यंत विरळा. या शोधातून वाढणाऱ्या भयाला ‘सायबरकाँड्रिया’ म्हणतात.

आपल्यापैकी अनेकजण घरातले एकटेच वाचणारे आहेत. त्यांनी जरूर वाचावे. पण वाचलेले डॉक्टरांपुढे ठेवावे. आणि मनच थाऱ्यावर नसेल, तर २०२२ पासून सुरू असलेली शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. भीती कुणाजवळ तरी बोलून दाखवली, की रात्र थोडी लहान होते.