पंधरा ऑगस्टला काय दाखवशील?

डोंबिवली,
२० जुलै

प्रिय शुभा,

तुझा मेसेज आल्यापासून मनातल्या मनात प्रदर्शन मांडते आहे. तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या मंडळाच्या कार्यक्रमात अर्धा तास, एक पडदा आणि विषय 'स्त्री चित्रकार आणि देश'! तुमच्या कमिटीला बहुधा तिरंगी रांगोळ्या आणि अमृता शेरगिल अपेक्षित असणार. शेरगिल वगळ. बाई थोरच, पण तिची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, आणि मग लोक ओळख पटल्याच्या आनंदात पुढचं काही बघत नाहीत.

सुरुवात पुष्पमालापासून कर. हसू आलं की माणूस खुर्चीत जरा सैलावतो. पण तिच्या आधी अवनींद्रनाथांची भारतमाता मिनिटभर दाखव. १९०५ सालची, वंगभंगाच्या धामधुमीतली. भगवी वस्त्रं आणि चार हात: एकात पोथी, एकात भाताच्या लोंब्या, एकात वस्त्र, एकात माळ. शस्त्र कुठेच नाही. सिंह, मुकुट, झेंडा हा सगळा सरंजाम पुढे छापील चित्रांनी तिच्या अंगावर चढवला आणि तिला नकाशात नेऊन उभं केलं. आपल्या गॅदरिंगला दरवर्षी तूच भारतमाता व्हायचीस, आठवतं? गोरी आणि लांब केसांची म्हणून. मी सावळी, म्हणजे कायमची शेतकरीण. बेगडाचा मुकुट घालून तू उभी, आणि बाईंची एकच ताकीद: हलायचं नाही, बोलायचं नाही. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा. आता वाटतं, मला निदान खुरपं तरी हलवता येत होतं.

पुष्पमाला एन. बंगळूरची, बडोद्याला शिल्पकला शिकलेली. ती स्वतःच भारतमाता होऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मागचा पडदा रंगवलेला आहे, दागिने नाटकातले आहेत, हे ती लपवत नाही. उलट ते दिसावं अशीच व्यवस्था करते. त्याआधी, २००० ते २००४ या काळात, क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीबरोबर तिने दक्षिण भारतातल्या 'नेटिव्ह' बायकांची एक मालिका केली. त्यात ती रविवर्म्याची लक्ष्मी होते, पेपरात छापून आलेली चोरटी बाई होते आणि इंग्रजांनी मोजमापाच्या चौकटींसमोर उभी केली असती तशी तोडा जमातीची बाईही होते. लक्ष्मीपाशी थोडी थांब. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हे सांगितलंस की पुण्या-मुंबईची मंडळी खूश होतील. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी ती हीच. आणि त्याच चेहऱ्यामोहऱ्याची चोरटी बाई शेजारी आली, की कुणाकडे हात जोडायचे आणि कुणाकडे संशयाने बघायचं हे आपण किती पटकन, नुसत्या कपड्यांवरून ठरवतो ते कळतं.

मग रुमाना हुसेन. इथे हशा थांबेल, थांबू दे. ती चित्रं काढणारी बाई. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यामागोमाग मुंबईत दंगली झाल्या, त्यानंतर तिने मातीची मडकी फोडून, अर्धी कापून मांडायला सुरुवात केली. अर्धं मडकं पालथं घातलं की घुमटच दिसतो. १९९५ मध्ये एनसीपीएच्या आवारात हातात कापलेली पपई घेऊन, तोंड उघडं ठेवून ती चालत राहिली, आवाज न काढता. पुढच्या वर्षी केमोल्ड गॅलरीत, म्हणजे तेव्हा जहांगीरच्या वरच्या मजल्यावर, तिचं 'होम/नेशन' झालं. घरातल्या वस्तू, स्वतःचं शरीर, अयोध्येतल्या कमानी, सगळं एकाच ओळीत. घर आणि देश यांच्यामधली ती तिरकी रेघ मला आजही अस्वस्थ करते. तोवर देश म्हणजे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा, असंच आपण मानून चाललो होतो. १९९९ मध्ये ती गेली, पन्नाशीही गाठली नव्हती.

त्यानंतर नलिनी मालानी. त्यांचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब इकडे आलं, शिक्षण जेजेत. १९८७ मध्ये त्यांनी माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग यांच्यासह भोपाळच्या भारत भवनपासून एक फिरतं प्रदर्शन सुरू केलं. चौघीही बायका, असं तोवर आपल्याकडे फारसं कुणी केलं नव्हतं. २००५ ची त्यांची 'मदर इंडिया' पाच पडद्यांवर चालते, फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांबद्दल. खरं सांगू? मला ती थकवते. एका वेळी इतकं काही अंगावर येतं की मी डोळे मिटून घेते. पण तुझ्याकडे पडदा एकच आहे, तेव्हा ती नुसती सांग.

रीना कलाटची चित्रं मुलांना आवडतील. दोन शत्रू देशांची राष्ट्रीय बोधचिन्हं ती एकाच अंगात जोडते: मोराला पाकिस्तानचा चकोर, वाघाला पिळाच्या शिंगांचा मारखोर. जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखं नीटस काम. कमिटीतल्या कुणी आक्षेप घेतला तर सांग, पक्ष्यांना पासपोर्ट लागत नाही. (स्वस्त वाक्य आहे, पण कमिटीवर चालतं.)

शेवटी शिल्पा गुप्ता, आपल्या मुंबईचीच. पिवळ्या चिकटपट्टीवर मजकूर छापून तिने भिंतीवर झेंडा काढला. मजकूर असा की प्रियकराबरोबर आकाश वाटून घ्यायला जावं, तर ढग ऐकतच नाहीत. आणखी एका कामात काचेच्या पेटीत हाताने गुंडाळलेला दोऱ्याचा अंड्यासारखा गोळा आहे. दोरा ७९.५ मैल, आणि भारत-पाकिस्तानची कुंपण घातलेली सीमा त्याच्या १४.९ पट. एवढ्याशा गोळ्याने सीमा मोजलेली बघून सीमेचीच कीव येते.

तिचं तिसरं काम दाखवू नकोस, करायला लाव. तिने शंभर माणसांना आपापल्या देशाचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला होता. नंतर इतर देशांतही हाच प्रयोग केला. शेवटची दहा मिनिटं लोकांना कोरे कागद आणि पेन्सिली दे. खोडरबर नको, आणि फोनवर बघायला बंदी. मी माझ्या चित्रकलेच्या वर्गात करून पाहिलंय: गुजरातचं शेपूट सगळ्यांना जमतं, ईशान्येला पेन्सिल घुटमळते, अंदमान कुणाला आठवतच नाही. तिकडे जन्मलेल्या पोरांना 'आपला देश कुठला' हे विचारू नकोस, काढू दे काढतील तो. कागद जमले की फोटो पाठव. तूही एक काढ. गेल्या वर्षी भारताचा पासपोर्ट परत केलास तेव्हापासून मला विचारायचं होतं, फोनवर जमलं नाही. तू कुठला काढलास ते खाली लिही.

तुझी,
मंगल