दुपारी गाडी कुठे उभी असते?

अ‍ॅडलेडमध्ये सोलर पॅनल उत्तरेकडे तोंड करून बसवतात. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे इथे घर पाहतानाही लोक छपराची उत्तर बाजू मोकळी आहे का, हे आधी विचारतात. ११ ऑक्टोबर २०२० च्या रविवारी दुपारी तासभर साउथ ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या मागणीइतकी वीज नुसत्या उन्हातून तयार झाली. तिच्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त छपरांवरची होती. ऑक्टोबर म्हणजे इथला वसंत. ऊन भरपूर, पण हीटर बंद आणि एसीही बंद. अशा दुपारी वीज इतकी होते की ग्रिडला ती पेलवत नाही. म्हणून गरज पडली तर दुरून बंद करता येतील असेच नवे पॅनल बसवावेत, असा नियम राज्याने त्याच वर्षी केला.

चालू पॅनल बंद करावे लागावेत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या शहरात चाकांवर फिरताहेत.

आमच्या छपरावर ६.६ किलोवॉटचे पॅनल आहेत. उन्हाळ्यात ते दिवसाला तीसेक युनिट देतात आणि इलेक्ट्रिक गाडीला १०० किलोमीटरला साधारण १६ युनिट पुरतात. हिशोब सरळ आहे, वेळ मात्र जुळत नाही. ऊन असतं तेव्हा गाडी ऑफिसात असते. ती घरी येते तेव्हा सूर्य कललेला असतो आणि विजेचा दर चढलेला. दुपारची वीज विकावी, तर तिथेही आता फारसं मिळत नाही. २००८ साली ग्रिडला दिलेल्या युनिटमागे ४४ सेंट मिळत. आता नव्या ग्राहकाच्या हातात जेमतेम काही सेंट पडतात. म्हणून मी ओळखीच्यांना सांगते, पश्चिमेच्या छपरावरही थोडे पॅनल टाका, ते संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात.

पण छप्परच नसेल तर? नुकती इथे आलेली आपली बहुतेक मराठी कुटुंबं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. दुपारची स्वस्त वीज त्यांच्या गाडीपर्यंत पोहोचायची, तर चार्जिंग ऑफिसांच्या आणि रेल्वे स्टेशनांच्या पार्किंगमध्ये हवं. त्याला महागडे फास्ट चार्जर लागत नाहीत. सकाळी नऊला लावलेली गाडी पाचपर्यंत १० अँपिअरच्या साध्या सॉकेटवरही सोळा-सतरा युनिट घेते.