ग्रीन गॉडेस

विल्यम आर्चर हे नाव मला श्रीअरविंदांच्या लेखांतून ठाऊक होतं. सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची कुळकथा वाचताना ते समोर आलं तेव्हा मी हातातली सुरी खाली ठेवली.

ते ड्रेसिंग म्हणजे ‘ग्रीन गॉडेस’. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात १९२३ साली जॉर्ज आर्लिस या नटाच्या सन्मानार्थ ते केलं गेलं आणि त्याच्या गाजलेल्या नाटकाचंच नाव त्याला मिळालं. नाटक आर्चरचं.

त्यातला जीव आहे अँचोव्हीत. हा मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. मांदेली आपण तिखट-मीठ लावून ताजी ताजी कुरकुरीत तळतो. भूमध्य समुद्राकाठची माणसं अँचोव्ही मिठाच्या थरांत महिनोन् महिने दाबून ठेवतात. तेवढ्या अवधीत माशाच्या अंगचीच विकरं प्रथिनं तोडत राहतात, मांस तांबूस होतं आणि एक खोल, रुचकर खारटपणा मुरतो. डबा उघडल्यावर वास उग्र येतो, पण म्हणून मासा वगळू नये. वगळला तर उरतं ते नुसतं हिरवं मेयॉनीज.

चार-पाच तुकडे पाटावर घ्यावेत, लसणाची एक पाकळी आणि चिमूटभर जाडं मीठ घालावं आणि सुरीचं पातं आडवं धरून रेटत राहावं. आधी मासा धाग्याधाग्यांनी सुटतो, मग बारीक काटेसुद्धा दिसेनासे होतात आणि पाटावर तपकिरी, चकचकीत लगदा उरतो. तो एका ताज्या अंड्याच्या बलकात घालायचा, वर चमचाभर मोहरीची पेस्ट आणि लिंबाचा रस. मग तेल. सुरुवातीला अगदी थेंबथेंब, कारण बलकातलं लेसिथिन तेलाचे कण पाण्यात धरून ठेवतं आणि त्याला सवड दिली नाही तर सगळं फाटतं. घट्ट व्हायला लागलं की बारीक धार चालते. एका बलकाला दीडशे मिलिलिटर तेल पुरे. मी सगळं ऑलिव्ह तेल घेत नाही, ते घुसळून कडवट होतं. निम्मं सूर्यफुलाचं घेते. शेवटी बारीक चिरलेली पार्सली आणि कांद्याची पात. मूळ कृतीत टॅरागॉन आहे, त्याच्या जागी मी शेपू घालते आणि मला तो अधिक आवडतो. कोथिंबीर मात्र नको, ती आली की बाकी कुणाचं काही चालत नाही. कच्चं अंडं आहे, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावं.

तर आर्चर. इब्सेनची नाटकं इंग्रजीत आणणारा, लंडनचा मातबर नाट्यसमीक्षक. त्याने १९१७ साली ‘इंडिया अँड द फ्यूचर’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात उपनिषदांपासून शिल्पांपर्यंत इथलं सगळं रानटीपणात जमा केलं. चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘द ग्रीन गॉडेस’ आलं. हिमालयातलं रुख नावाचं काल्पनिक राज्य, तिथे कोसळलेलं विमान, त्यातले इंग्रज प्रवासी, त्यांच्या रक्ताची वाट पाहणारी हिरवी देवी आणि युरोपी वळणाचं गोड बोलत त्यांना ओलीस ठेवणारा राजा. आर्लिस तो राजा होता. नाटक धो धो चाललं, त्यावर मूकपट निघाला, १९३० साली बोलपटही आला. ज्या देशाच्या देवळांत आर्चरला काही घेण्यासारखं दिसलं नाही, त्याच देशाची एक खोटी देवी उभी करून त्याने प्रेक्षागृहं भरली. याचा मला अजून राग येतो.

त्याच्या पुस्तकाला कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातले न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी उत्तर दिलं, ‘इज इंडिया सिव्हिलाइज्ड?’ या पुस्तकाने. श्रीअरविंद तेव्हा पाँडिचेरीत होते. ‘आर्य’ मासिकात त्यांनी अंकामागून अंक लिहिलं: धर्म, स्थापत्य, शिल्प, चित्रं, साहित्य, राज्यव्यवस्था. आर्चरचा मुद्दा घ्यायचा, त्याला पुरेशी जागा द्यायची आणि मग त्याला मागे सोडून स्वतःच्या गतीने पुढे जायचं, अशी त्यांची रीत. वादासाठी लिहिलेलं इतकं भरघोस लेखन मी फार थोडं वाचलंय. त्यातले स्थापत्य-शिल्पावरचे लेख तर वेरूळला जाण्याआधी प्रत्येकाने वाचावेत, निदान कैलास लेण्यासमोर उभं राहण्याआधी तरी.