चौदा हजार फुटांवर समुद्राची हवा

आधी आवाजाबद्दल सांगते, कारण तीन आठवडे झाले तरी तो कानातून जात नाही. कोलोरॅडोतल्या यूट पासचा चढ, तिसरा गियर, इंजिन तीन हजारांच्या आसपास, आणि बोनेटखालून एक बारीक शीळ. शीळ चढत जाते, माझी पाठ सीटला टेकते, आणि इतकी वर्षं या चढावर ट्रकांच्या मागे मुकाट रांगणारी माझी गाडी चढ विसरून सुटते! मी ओरडले. गाडीत एकटीच होते, छप्पर उघडं होतं, आणि मी अस्सल रत्नागिरीच्या मराठीत ओरडले.

गाडी माझदा मिआटा, १९९२ची, लाल, दोन सीटची. मीटरवर १,६२,००० मैल, म्हणजे दोन लाख साठ हजार किलोमीटर. इंजिन १.६ लिटरचं, नवं होतं तेव्हा ११६ अश्वशक्तीचं. तिचा जन्म हिरोशिमाच्या समुद्राकाठचा आणि माझा रत्नागिरीच्या. आम्ही दोघी आता अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये, सहा हजार फुटांवर राहतो. कळसूबाईचं टोक साधारण ५,४०० फुटांवर आहे; मी भाजी आणते ते दुकान त्याच्याहून उंच. इथे आले त्या पहिल्या महिन्यात दोन जिने चढून गेलं की मला धाप लागायची. माणसाचं शरीर काही आठवड्यांत जुळवून घेतं, रक्तात तांबड्या पेशी वाढवतं. इंजिन काय वाढवणार? दर हजार फुटांमागे त्याची साधारण तीन टक्के ताकद जाते. म्हणजे माझ्या घराच्या दारात ११६ मधले जेमतेम ९५ घोडे शिल्लक. आणि मी इतकी वर्षं म्हणत होते, गाडी म्हातारी झाली.

हा गैरसमज कसा फिटला ते सांगायलाच हवं. टर्बो बसवायचं डोक्यात आल्यावर मी बाबांना फोन केला. बाबांनी सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढली. ते म्हणाले, "टर्बो नंतर. आधी कॉम्प्रेशन बघ. रिंगा गेल्या असतील तर हवा दाबून भरणार कशात?"

शेजाऱ्यांकडून सिलिंडरचा दाब मोजायचा गेज आणला. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, इग्निशनची जोडणी सोडवली, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर मारला. १४८, १५०, १४६, १४९ पौंड. चारही आकडे एकमेकांना धरून होते, ही चांगली गोष्ट. पण या इंजिनाच्या जाणकारांकडून मी १७५-१८० ऐकलं होतं. माझा चेहरा पडला. बाबांनी फोनवर आकडे लिहून घेतले आणि विचारलं, "तुमच्याकडे मुळात हवाच किती पौंडाची आहे?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, इथे ११.८. सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच विरळ, मग दाबल्यावर आकडा कमीच येणार. उंचीचा हिशेब घालून पाहिलं, तर १४८ चे झाले १८० च्या आसपास! अडीच लाखांहून जास्त किलोमीटर चाललेल्या इंजिनाच्या रिंगा शाबूत होत्या. ते झिजलेलं नव्हतं. त्याला फक्त पुरेशी हवा मिळत नव्हती. मी गॅरेजच्या फरशीवर बसून चार आकड्यांचा तो कागद किती तरी वेळ बघत राहिले.

त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नसतं.

टर्बो म्हणजे काय हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण तो हातात घेतला तेव्हा खरा कळला. नारळाएवढा लोखंडी गोळा, दोन्ही बाजूंना शंखासारखी घरं, मधून एक दांडी आणि दांडीच्या दोन टोकांना दोन चाकं. पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. तो जाता जाता एक चाक फिरवतो आणि दुसऱ्या बाजूचं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. बस्स! फेकून द्यायच्या धुरावर इंजिनाचा श्वास चालतो. ती दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते, आणि माझ्या टर्बोत तिला बॉल बेअरिंगसुद्धा नाही. ती तेलाच्या पातळ थरावर तरंगते. धुराच्या बाजूचं चाक तापून लाल होऊ शकतं, त्याच दांडीचं दुसरं टोक बाहेरच्या थंड हवेत असतं, आणि दोघांच्या मध्ये आधार म्हणून केवळ तेल. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने या कल्पनेचं पेटंट घेतलं. माझ्या हातातला गोळा मी अंगठ्याने फिरवला, तर फिरतच राहिला.

हे तेलाचं प्रकरण बाबांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. टर्बोत तेल दाबाने जातं, पण परत येतं ते फक्त उताराने. म्हणून परतीची नळी जाड हवी, सरळ हवी, कुठेही वर चढता कामा नये, "घरामागच्या मोरीसारखी." ती नळी ऑइल पॅनमध्ये सोडायची तर पॅनला भोक पाडायला हवं. धातूचा कीस आत पडला तर इंजिनाचं काय होईल या विचाराने मला रात्रभर झोप नाही. बाबांचा उपाय असा: ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लाव, दोन-दोन फेरे मारून काढ, पूस, पुन्हा लाव. कीस ग्रीसलाच चिकटला. मग वरून स्वस्तातलं तेल ओतून आतलं धुऊन काढलं. त्या तेलात कीस आला नाही.

बाकी कामं भराभर सांगते. हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना त्याचं खालचं टोक चटका देतं ते आठवा. म्हणून बंपरमागे इंटरकूलर. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या वयाने तपकिरी झाल्या होत्या, तो बदलला. क्लच बदलला, टायमिंग बेल्ट बदलला, प्लग एक नंबर थंड घेतले. या गाडीच्या सुरुवातीच्या इंजिनांचं क्रँकशाफ्टचं नाक आखूड होतं आणि ते दगा देतं; पुलीवरच्या खाचा मोजायच्या, चार असल्या तर आखूड, आठ असल्या तर लांब. मी बॅटरी धरून मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आठच. मागचं डिफरन्शियल मात्र या १.६ च्या गाड्यांत नाजूक असतं, त्यामुळे सिग्नलवर झटका देऊन निघणं मी वर्ज्य केलं आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी आहे. आणि हे वाचून कुणाला रत्नागिरीत किंवा पुण्यात हात शिवशिवले तर आधी आर.टी.ओ.चे नियम बघा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली उत्पादकाच्या मूळ आराखड्यापेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही.

खरी भीती पेट्रोलची. जास्त हवा आली की त्या मानाने पेट्रोलही जास्त लागतं, नाही तर मिश्रण वेळेआधी पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखे घाव बसतात. जुन्या इंजिनात तर काजळीचे थर असतात, ते तापून निखाऱ्यासारखे राहतात. मूळ गाडीत हवा मोजायला एक झडप आहे, हवेच्या झोताने दारासारखी उघडणारी. ती काढली. मोठे इंजेक्टर बसवले आणि मेगास्क्वर्ट नावाचा संगणक लावला. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी तो हौशी लोकांना स्वतः जोडता यावा म्हणून बनवला. हा हवा मोजत नाही, इंजिनात शिरताना तिचा दाब मोजतो, किलोपास्कलमध्ये. एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. टर्बो दाबायला लागला की साडेअकरा भागांपर्यंत उतरायचं, ठिणगीही थोडी उशिरा द्यायची. कोलोरॅडोत पंपावर ८५ ऑक्टेनचं पेट्रोल सर्रास मिळतं, कारण विरळ हवेत इंजिनं ते सोसतात. माझ्या गाडीला ते आता बंद. तिला ९१ लागतं, कारण तिच्या सिलिंडरात आता डोंगरावरची विरळ हवा उरलेली नाही!

आणि इथे मी या लेखाच्या मूळ कारणापाशी आले.

टर्बोला एक वेस्टगेट असतो, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारं दार. त्याची स्प्रिंग किती कडक, त्यावर किती दाब वाढणार ते ठरतं. जुन्या इंजिनाला झेपावं म्हणून मी मऊ स्प्रिंग ठेवली, सहा पौंडांची. पण ते सहा पौंड मोजायचे बाहेरच्या हवेच्या वर. माझ्या घरी हवा ८१ किलोपास्कल, सहा पौंड म्हणजे ४१, बेरीज १२२. एका रात्री कागदावर हा हिशेब करताना खिडकीतून पाइक्स पीक दिसत होता, १४,११५ फूट. त्याच्या टोकावर हवा साधारण ६० किलोपास्कल. साठ अधिक एकेचाळीस.

एकशे एक. समुद्रसपाटीचा दाब तोच!

म्हणजे मी त्या शिखरावर पोचले, तर माझ्या इंजिनाला रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर उभं असल्यासारखी हवा मिळणार होती. मला पेन खाली ठेवता येईना.

नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे त्याच डोंगरावर एकदा होऊन गेलं होतं. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस हे इंजिनियर विमानाचं बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीकच्या माथ्यावर घेऊन गेले होते. खाली साधारण ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन माथ्यावर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर तिथेच त्याने ३५६ दिली. विमानांना उंच आकाशात दम पुरावा म्हणून ती सगळी खटपट. माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर!

मागच्या शनिवारी गेले. कॅस्केड गावापासून माथ्यापर्यंत टोलचा रस्ता, १९ मैल, सगळा वळणांचा. पाइन सरले, मग झाडंच सरली, मग तांबूस दगड आणि आभाळ. मी वेगाने नाही गेले. रस्त्याला कठडे कमी आहेत आणि खाली बघवत नाही. तेरा हजार फुटांवर मला स्वतःला हलकं हलकं वाटायला लागलं, ओठ कोरडे. आसपासच्या गाड्या कण्हत होत्या. टर्बो नसताना माझ्या इंजिनात इथे सत्तरही घोडे उरले नसते. शेवटच्या सरळ तुकड्यावर पुढे-मागे कुणी नव्हतं. पहिला गियर. पाय हळूहळू खाली. शीळ आली, घरी येते त्याहून जास्त बारीक, जास्त उंच, कारण विरळ हवेत तेवढाच दाब आणायला त्या चाकाला जास्त गरगरावं लागतं. मेगास्क्वर्टला जोडलेल्या टॅब्लेटवर दाबाचा आकडा सरकला: ७४, ८८, ९६.

१०१.

तिथेच थांबला. मी पाय काढला, रडू आलं आणि पार्किंगमध्ये शिरले. बाबांनी बजावलं होतं तशी दोन मिनिटं गाडी आयडलवर ठेवली, म्हणजे तापलेल्या दांडीवरून तेल वाहत राहतं, तिथल्या तिथे करपत नाही. मग चावी फिरवली. बाहेर वारा, समोर पूर्वेला सपाट मैदान पार क्षितिजापर्यंत, आणि माझ्या छातीत इंजिनापेक्षा कितीतरी कमी हवा.

टॅब्लेटचा फोटो बाबांना पाठवला. रत्नागिरीत मध्यरात्र उलटून गेली होती, तरी दोन मिनिटांत उत्तर आलं.

"छान. तेल किती प्यायली?"

बोनेट उघडलं. डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, परत घालून पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेपाशीच होतं.