हॅलोवीनच्या चर्चाबाई

चर्चाबाई मूळच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्सच्या. जन्म 1994 च्या ऑक्टोबरातला. वय तिशीच्या पुढं गेलं तरी पोक्तपणा काही आलेला नाही, आणि येण्याची चिन्हंही नाहीत. फिश नावाच्या अमेरिकन रॉक बँडचे हजारो चाहते हे त्यांचे आईबाप. इतक्या जणांनी मिळून वाढवलेली लेक जशी होईल तशाच त्या झाल्या आहेत: लाडावलेल्या, हट्टी, आणि शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे अशा.

बाईंकडे वळण्याआधी घराण्याची माहिती. फिश 1983 मध्ये व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला, कॉलेजच्या पोरांनी सुरू केला. गिटारवर ट्रे अनास्तासिओ, बासवर माइक गॉर्डन, ड्रमवर जॉन फिशमन आणि 1985 पासून कीबोर्डवर पेज मॅकॉनेल. रेडिओवर यांचं फारसं काही वाजत नाही. यांचं राज्य रंगमंचावर. एकेक गाणं वीस-वीस मिनिटं खेळवतील, मधेच दुसऱ्यात शिरतील, आणि कालची यादी आज वाजवणार नाहीत. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 13 रात्री वाजवलं आणि एकही गाणं पुन्हा घेतलं नाही. अशा बँडचे चाहते गप्प बसतील अशी अपेक्षा करणंच चूक.

31 ऑक्टोबरला अमेरिकेत पोरंटोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडतात. फिशनं ठरवलं, आपण सोंग घ्यायचं ते संगीताचं. (कपड्यांचं सोंग यांना नवीन नाहीच. फिशमन वर्षभर बायकांचा झगा घालून ड्रम वाजवतो आणि लहर लागली की व्हॅक्यूम क्लीनरमधून सूर काढतो. त्यानं हॅलोवीनला निराळं काय घालायचं?) त्या रात्री तीन सेट, आणि मधल्या सेटमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. कुणाचा, ते गुपित. या गुपिताच्या उंबऱ्यावर चर्चाबाई ठाण मांडून बसतात.

सुरुवातीला बाईंना मोठा मान होता. पहिल्या वर्षी चाहत्यांकडून मतं मागवली गेली आणि निवडून आला बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’. तीस गाण्यांचा जोड-अल्बम, त्यातलं एक तर गाणं नव्हेच, नुसता आवाजांचा गोंधळ. फिशमननं त्या वेळी अंगावरचे कपडे उतरवून तो प्रसंग साजरा केला. 1995 लाही मतं मागवली, तेव्हा कौल ‘द हू’च्या ‘क्वाड्रोफेनिया’ला. 1996 पासून मात्र बँडनं निवड स्वतःकडे घेतली. बाईंचा मताधिकार गेला. मतं मात्र राहिली, आणि ती दरवर्षी वाढतच गेली.

उन्हाळा सरला की त्यांचं तर्कशास्त्र सुरू होतं. कुठल्या सॅक्सोफोनवाल्याची ऑक्टोबरअखेरची तारीख रिकामी आहे, साउंडचेकच्या वेळी दाराबाहेर कुठली चाल ऐकू आली, अनास्तासिओ मुलाखतीत कुणाचं नाव घेताना जरा जास्तच हसला, हे सगळे पुरावे. निष्कर्ष आधी ठरलेला असतो, पुरावे मागाहून गोळा होतात. नेमका अल्बम ओळखण्याचा त्यांचा लौकिक बेताचाच आहे. आत्मविश्वासाला त्याचा धक्का म्हणून लागत नाही. चुकल्या की म्हणतात, ‘तो माझा दुसरा अंदाज होता.’

बँडलाही हा स्वभाव चांगला ठाऊक. 1995 ला मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ची आवई उठली होती. शिकागोजवळच्या रोझमाँटच्या सभागृहात मधला सेट सुरू होताना खरंच जॅक्सनचं गाणं कानावर पडलं. बाईंनी ‘सांगत नव्हते?’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ‘क्वाड्रोफेनिया’ सुरू. 2009 ला तर बँडनं चक्क 99 अल्बमांची नावं जाहीर केली आणि रोज काही ना काही कापत नेलं. शेवटी उरला रोलिंग स्टोन्सचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’. तो कॅलिफोर्नियातल्या इंडिओच्या पोलो मैदानावर शॅरन जोन्सच्या दणदणीत गळ्याच्या साथीनं वाजला, पण बाईंना विचाराल तर खरी मजा त्या कापाकापीतच होती. पुढल्या वर्षी अटलांटिक सिटीत लेड झेपेलिनची कुजबुज इतकी माजली, की आदल्या रात्री, म्हणजे 30 ऑक्टोबरलाच, बँडनं आपल्याच एका गाण्याच्या पोटात झेपेलिनची गाणी तुकड्यातुकड्यांनी कोंबून वाजवली. दुसऱ्या दिवशी सोंग निघालं ते लिट्ल फीटच्या ‘वेटिंग फॉर कोलंबस’चं. इतक्या लाडानं कुणी कुणाला चिडवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बाईंना एक जखम आहे. तिच्यावर खपली धरते, पण त्या धरू देत नाहीत. 1998 चं हॅलोवीन लास व्हेगसला झालं. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा ‘लोडेड’ वाजला. सभागृह भरलं, लोक खूश, खिसे रिकामे. दोन दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, यूटा राज्यातल्या वेस्ट व्हॅली सिटीत कार्यक्रम होता. सोमवार, शिवाय लांबचा पल्ला. ‘आता काय विशेष असणार?’ म्हणून कित्येक जण परस्पर घरी गेले. सभागृहात जागा रिकाम्या पडल्या. आणि दुसऱ्या सेटमध्ये, ‘हार्पुआ’ नावाच्या गोष्टीवेल्हाळ गाण्याच्या मध्यावर, कसलीही वर्दी न देता फिशनं पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ अख्खाच्या अख्खा वाजवला.

हे प्रकरण निघालं की बाईंचे दोन भाग होतात. जे यूटाला होते ते आवाज खाली आणून, श्रीमंत माणसानं पैशाबद्दल बोलू नये इतक्या संकोचानं सांगतात, आणि सांगतातच. जे नव्हते त्यांच्याकडे कारणं तयार असतात: नोकरी, परीक्षा, गाडीचं पेट्रोल, मित्राचा हट्ट. पाव शतक उलटून गेलं तरी त्या मित्राला माफी नाही. बँडनं मात्र त्या एका रात्रीत फार दूरचा हिशेब साधला. त्यानंतर हॅलोवीनच्या पुढच्या-मागच्या कार्यक्रमांचं तिकीट न काढणं म्हणजे बाईंच्या लेखी बेजबाबदारपणा.

गर्व म्हणाल तर स्मरणशक्तीचा. कुठल्या साली कुठलं गाणं किती मिनिटं चाललं, हे त्या सेकंदांसकट सांगतात. याला कारणही बँडच. फिश आपल्या श्रोत्यांना मायक्रोफोन लावून कार्यक्रम टेप करू देतो. टेप करणाऱ्यांसाठी जागा वेगळी राखलेली असते. त्यामुळे बाईंच्या घरात पुरावा नाही असं काही घडलेलंच नाही. कालमापनही त्यांचं स्वतःचं आहे. 2000 पर्यंतचा काळ तो 1.0, दोन वर्षांच्या विश्रांतीनंतर 2004 च्या फुटीपर्यंत 2.0, 2009 ला परत आले ते 3.0. कुणी नुसतं ‘नव्वदच्या दशकात’ म्हणालं तर बाईंना ते अडाणीपणाचं वाटतं. आणि आपण पहिल्यांदा कधी ऐकायला गेलो ते साल त्या वाक्यात अशा खुबीनं पेरतात, की समोरच्याला ते विचारल्याशिवाय राहवू नये.

समक्ष भेटायचं तर सभागृहाबाहेरच्या पार्किंग लॉटमध्ये भेटाव्यात. दुपारपासून तिथं बाजार भरतो. चीज सँडविच भाजले जातात, घरी छापलेले टी-शर्ट विकले जातात, आणि बाई एका पेल्यावरून दुसऱ्या पेल्यापर्यंत त्याच त्या अंदाजाची नवी आवृत्ती काढतात. दारं उघडली की धावत आत जाऊन, आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तशी ताडपत्री जमिनीवर अंथरतात आणि न आलेल्या सहा मित्रांची जागा धरतात. इतरांनी अंथरलेल्या ताडपत्रीबद्दल मात्र त्यांचं मत अत्यंत कडक आहे. असंच बोलण्याबद्दल. संगीत हळू झालं, सगळे श्वास रोखून उभे राहिले, की नेमक्या त्या वेळी बाई शेजारणीच्या कानात सालं आणि मिनिटं सांगतात. दुसऱ्या दिवशी तावातावानं तक्रार करतात की लोक हल्ली फार बोलतात.

रुसणं बघायचं असेल तर 2013 पाहा. अटलांटिक सिटीत लोक जुन्या मोठ्या कुणाचा तरी अल्बम ऐकायला आले, आणि दारात हाती पडलेल्या पत्रिकेत छापलं होतं की आज आम्ही आमचाच अल्बम वाजवणार, जो अजून निघालेलाच नाही. नाव ‘विंगसूट’. बाईंचा पारा चढला. ‘सोंग म्हणून स्वतःचंच सोंग?’ त्यात वॉम्बॅट या प्राण्यावरच्या गाण्याला, ‘गॉडफादर’मधला तेसिओ, म्हणजे 92 वर्षांचे एब व्हिगोडा, वॉम्बॅटचा वेष घालून रंगमंचावर आले. रागावावं की हसावं ते बाईंना कळेना. पुढल्या वर्षी त्यातली बरीचशी गाणी ‘फ्यूएगो’ या अल्बमात आली, कार्यक्रमांतून रुळली, आणि बाई आता सांगतात की त्यांना ती पहिल्या ऐकण्यातच आवडली होती.

2014 ला तर बँडनं डिस्नेची 1964 सालची मुलांची रेकॉर्ड काढली: दारांची करकर, मांजरांचं गुरगुरणं, किंकाळ्या. गाणी नाहीतच, मग वाजवणार काय? त्या आवाजांच्या अवतीभवती त्यांनी स्वतःचं नवंकोरं संगीत रचलं. माझ्या मते फिशनं हॅलोवीनला केलेली ही सगळ्यात धीट गोष्ट. डेव्हिड बोवी गेला त्या वर्षी, 2016 ला, त्याचा ‘झिगी स्टारडस्ट’ व्हायोलिनवाल्यांना घेऊन वाजवला. तो सुरेख होता, नेटका होता, आणि नेटकेपणाबद्दल बाईंना फार काही बोलता येत नाही. त्यांचा जुना वाद एवढाच वर आला, की दुसऱ्याचा अल्बम जसाच्या तसा वाजवायचा की आपल्या पद्धतीनं मोकळा सोडायचा.

मग 2018. लास व्हेगस, एमजीएम ग्रँड. पत्रिकेत बातमी: आज कास्वोट वॅक्स्ट या विस्मृतीत गेलेल्या स्कँडिनेव्हियन बँडचा 1981 चा एकुलता एक अल्बम. सोबत बँडचा इतिहास, सभासदांची नावं, दुर्मीळ रेकॉर्डचा शोध. लोकांनी फोन काढले; इंटरनेटवर परीक्षणंसुद्धा सापडली. ‘हो हो, ऐकलंय नाव’ हे वाक्य बाईंच्या तोंडून निघायला असा कितीसा वेळ लागतो! पांढऱ्याशुभ्र रंगमंचावर पांढऱ्या कपड्यांतले चौघे चमत्कारिक ओळी गाऊ लागले, आणि सभागृहात हळूहळू उजेड पडत गेला की असा बँड कधी नव्हताच. इतिहास, परीक्षणं, 1981 साल, सगळं या चौघांनी आणि मित्रमंडळींनी आधीपासून पेरून ठेवलेलं. गाणी ताजी, खास त्या रात्रीसाठी रचलेली. नावाच्या दोन शब्दांतच तोंडघशी पडण्याची खूण ठेवली होती, तीही बाईंना नंतरच दिसली.

दुसरी कुणी असती तर चार दिवस बाहेर पडली नसती. बाई मात्र इतक्या खुशीत होत्या की विचारू नका. तेव्हा माझी खात्री पटली. बाईंना बरोबर ओळखायचं कधीच नव्हतं. चोवीस वर्षं हे सगळे अंदाज, पुरावे, तारखा कशासाठी, तर कुणीतरी आपल्याला फसवण्यासाठी एवढी मेहनत घ्यावी म्हणून. ज्या दिवशी अंदाज खरा ठरतो, त्या दिवशी त्यांचा मूड जातो. 2021 ला चौघे भविष्यातून आलेल्या अंतराळवीरांच्या वेषात उभे राहिले, पत्रिकेऐवजी कॉमिक्सचं पुस्तक वाटलं. बाईंचा अंदाज कुठल्या कुठे गेला, आणि बाई तृप्त.

एक सांगायचं राहिलं. दर हॅलोवीनला कार्यक्रम असतोच असं नाही. 1997 ला नव्हता, 1999 ला नव्हता, त्यानंतर तर 2009 पर्यंत एकही नाही. अशा वर्षी बाई आजारी पडतात असं वाटत असेल तर तुम्हाला त्या अजून कळलेल्या नाहीत. झाला असता तर काय वाजलं असतं, यावर बोलायला तर पुराव्याचीही गरज नसते.

तुमची गाठ पडली तर यूटाचा विषय आपण होऊन काढू नका, रात्र जाईल. बाई लगेच विचारतील, सुरुवात कुठून करणार? पहिली चारही हॅलोवीनं 2002 मध्ये अधिकृतपणे सीडीवर निघाली आहेत. त्यातलं 1996 चं, अटलांटाचं घ्या: टॉकिंग हेड्सचा ‘रिमेन इन लाइट’, ब्रासवाले आणि कार्ल पेराझोचा तालवाद्यांचा ताफा. त्या एका रात्रीच्या तयारीनं फिशचं पुढच्या वर्षाचं वाजवणंच पालटलं, लयीला चिकटून राहायला शिकलं, असं बाई पहिल्या दहा मिनिटांत सांगतीलच. त्यांच्या इतक्या मतांपैकी हे एक मत मी बिनतक्रार मान्य करतो.