माझ्याशी गाठ आहे!

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि तेवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिलेलं माझं वाक्य एकच. ते न्यूटनचं नव्हे, आर्किमिडीजचंही नव्हे. "याद राखा, माझ्याशी गाठ आहे!" हे ते वाक्य. वास्तुपुरुष कुठंतरी बसून 'तथास्तु' म्हणत असतो असं जुनी माणसं सांगत. माझ्या बाबतीत त्याला थोडा उशीर झाला इतकंच. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी माझ्या मानेमागे खरीखुरी गाठ आली.

आधी ती सुपारीएवढी होती आणि भाडेकरूसारखी अंग चोरून राहत होती. पण भाडेकरू आणि गाठ, दोघंही हातपाय कधी पसरतील सांगता येत नाही. दोन महिन्यांत लिंबाएवढी झाली, तेव्हा सौ. मला धरून सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी मान बधिर करून गाठ काढली आणि म्हणाले, "बहुतेक साधीच आहे. पण तपासायला पाठवू."

मराठी भाषेत 'बहुतेक' इतका भयंकर शब्द दुसरा नाही. पाऊस बहुतेक येईल, गाडी बहुतेक वेळेवर असेल, पगार बहुतेक एक तारखेला होईल! या 'बहुतेक'वर सारा जन्म काढलेल्या माणसाला त्या शब्दाने धीर कसा यावा?

गाठीचा डबा त्यांनी माझ्याच हातात दिला. आत फॉर्मालिन नावाचं डोळ्यांना झोंबणारं पाणी आणि त्यावर तरंगणारी माझी गाठ. ती बार्शीच्या एका लॅबमध्ये पोचवायची होती. बार्शीला माझे साडू असतात आणि आमच्या धाराशिवहून साडूकडे रिकाम्या हाताने, म्हणजे गुलाबजाम न घेता, जायची प्रथा नाही. एका पिशवीत गुलाबजामचा डबा आणि दुसऱ्या पिशवीत गाठीचा. "पिशव्या बदलू नका म्हणजे झालं," एवढाच निरोपाचा उपदेश सौ.ने केला.

येडशीच्या अलीकडेच कंडक्टरची नजर मांडीवरच्या डब्यावर गेली.

"काय मास्तर, लोणी का?"

"नाही हो, गाठ आहे."

"कुणाची?"

"माझीच."

तो गृहस्थ क्षणभर गप्प झाला. मग यंत्रातून ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट काढत म्हणाला, "तुमचं अर्धं. हिचं ऱ्हाऊ द्या." शेजारचा प्रवासी मात्र उठून मागच्या बाकावर गेला. पुढे पांगरी येईपर्यंत मी दोन सीटवर ऐसपैस बसलो होतो.

लॅबमध्ये डबा घ्यायला पुढे आलेल्या बाईंनी नाव वाचलं आणि मान वर केली. "सर, तुम्ही?" माझी जुनी विद्यार्थिनी! मी ओशाळून हसलो. तीही हसली आणि म्हणाली, "सर, आता तुमच्या गाठीची माझ्याशी गाठ आहे."

"रिपोर्ट उद्या मिळेल का?" मी विचारलं.

"सर, आठ दिवस तरी धरा."

आठ दिवस! १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेसुद्धा आठ दिवसांत किती खेपा करीत असेल! माझा चेहरा पाहून तिने मला आत नेलं आणि तुकड्याचा सगळा प्रवास समजावून सांगितला. आयुष्यात प्रथमच मी विद्यार्थ्याच्या बाकावर बसलो आणि ती फळ्यापाशी.

पहिली पायरी म्हणजे त्या झोंबऱ्या पाण्याची. फॉर्मालिनमुळे तुकडा कुजत नाही आणि घट्ट होतो. फर्डिनांड ब्लूम नावाचा जर्मन डॉक्टर त्याची जंतुनाशक म्हणून परीक्षा करीत होता. स्वतःच्या बोटांची कातडी कडक झालेली पाहून त्याला ही युक्ती सुचली, ती १८९३ साली. पण हे पाणी आत मुरतं सावकाश, तासाला साधारण एक मिलिमीटर. "घाई केली तर वरून पक्कं आणि मधे कच्चं राहतं, सर. गुलाबजामसारखं." एवढं ऐकल्यावर धाराशिवच्या माणसाला आणखी काय समजावून सांगायचं?

दुसरी पायरी ऐकून मात्र मी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. तुकड्यातलं पाणी काढायला त्याला अल्कोहोल पाजतात. तेही एकदम नव्हे. आधी सत्तर टक्के, मग वाढवत वाढवत निखळ शंभर. जन्मभर मी थेंबाला शिवलो नाही, आणि माझीच गाठ रात्रभर यंत्रात बसून चढत्या भाजणीने पिणार! पुढे तिला मेणात मुरवायचं असतं, पण मेणाचं आणि अल्कोहोलचं जमत नाही. म्हणून मधे झायलीन. हा लग्नातला मध्यस्थ. त्याचं दोन्हीकडे जमतं आणि मेणाची बैठक पक्की झाली की तो आपण होऊन बाहेर पडतो. असले मध्यस्थ आमच्या नात्यात निघाले असते तर!

मग मेणाचा ठोकळा, आणि तो ठोकळा मायक्रोटोमवर. मायक्रोटोम म्हणजे अतिशय शहाणी विळी. एका फेऱ्याला चार-पाच मायक्रॉनचा काप काढते. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसावेत. माझ्या डोक्यावर आता मोजमापाला फारसे केस उरलेले नाहीत, पण कल्पना आली. काप एकमेकांना चिकटून शेवयांसारखी पट्टी बाहेर येते. ती कोमट पाण्यावर सोडली की सायीसारखी पसरते आणि काचेवर अलगद उचलून घ्यायची. काप निसटू नये म्हणून काचेला पूर्वापार अंड्याचा बलक सोडून पांढरा भाग चोळतात. दारू झाली, आता अंडं! मी विठ्ठलाची मनोमन क्षमा मागितली.

शेवटी रंगपंचमी. हेमॅटॉक्सिलिन हा रंग मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि पेशींची केंद्रकं निळी करतो. इऑसिन बाकीचं सगळं गुलाबी करतं. तिने एक तयार काच दाखवली आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बुक्का आणि गुलाल एकाच ताटात सांडावा तसं दिसत होतं.

"सर," ती हळूच म्हणाली, "सूक्ष्मदर्शकातून मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात. शाळेतला आपला कायम कपाटात असायचा."

खरं होतं. फुटेल म्हणून त्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असे. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी मी तीस वर्षं फळ्यावर खडूने काढल्या. त्या फळ्यावरून ही मुलगी इथवर आली, यात माझं कर्तृत्व किती आणि तिचं किती, हे सांगायला कुठल्याही लॅबची गरज नव्हती.

घरी आलो आणि वाट पाहू लागलो. चौथ्या दिवशी गावाकडून अक्का आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी थोरली. माझं तोंड पाहून म्हणाली, "आठ दिवसच तर हायेत की. म्या नव्हते का थांबले?"

"तू? कधी?"

"त्या बार्शीच्या दवाखान्याच्या पोरी गावात तपासायला आल्या हुत्या तवा. माझ्यात कायतरी निघालं. तुकडा काढून नेला. मग थंड यंत्र लावलं, बरी झाले. तुला काय सांगायचं? तू तर म्हनला हुतास, धडधाकट बाईनं कशाला तपासून घ्यायचं?"

म्हणालो होतो. विज्ञानाचा शिक्षक असूनही म्हणालो होतो.

ती तपासणी २००० सालच्या आसपासची. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची कर्करोग संशोधन संस्था यांनी आमच्या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आला. ज्या गटात विषाणूची चाचणी एकदाच केली, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. आमच्या दुष्काळी जिल्ह्याचं नाव जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं ते या बायकांमुळे. त्यांतली एक माझ्यासमोर बसून गवार निवडत होती. तिचे ते आठ दिवस कसे गेले, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. माझ्या गाठीचा बोभाटा तर एस.टी.भर झाला होता.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. लायपोमा. साधी गाठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचेवर नुसती रिकामी घरं दिसतात, कारण आतली चरबी झायलीनमध्ये विरघळून गेलेली असते. मला त्या मध्यस्थाचे पाय धरावेसे वाटले.

येताना एक पिशवी गुलाबजामची आणली. अक्काने एक तोंडात टाकला आणि विचारलं, "मग काय निघालं?"

"काही नाही गं. नुसती चरबी."

"येवढंच व्हय? त्याला बार्शीला कशाला जायाचं? मला इचारायचं. तुझ्यात चरबी हाय हे म्या लहानपणापास्नं सांगतीय!"