सवलत कोणाच्या खिशातून?

वाचकहो, ज्या घरात दीर्घकाळचे दुखणे मुक्कामाला येते, त्या घराला दोन हिशेब ठेवावे लागतात. एक औषधांचा, डॉक्टरांच्या फीचा आणि तपासण्यांचा. हा हिशेब सर्वांना दिसतो. दुसरा मात्र वहीत सहसा कोणी मांडत नाही. प्रौढांचे डायपर, अंथरुणावरचे मेणकापड, जादा चादरी, मऊ टॉवेल, साबण, पायाखाली न सरकणारी पायपुसणी, रात्रभर जळणारा लहानसा दिवा, यांचा तो हिशेब. एकेक वस्तू पाहिली तर किरकोळ वाटते. महिनाअखेर बेरीज केली की ती औषधांच्या बिलाशेजारी जाऊन बसते. या दुसऱ्या हिशेबातूनच आमच्या घरातले लहानसे ऑनलाइन सवलतीचे दुकान जन्माला आले. आपणांपैकी कोणाच्या मनात असा विचार घोळत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही विंचूरचे. निफाड तालुक्यातले, लासलगावच्या शेजारचे हे गाव. कांद्याच्या लिलावाशी इथल्या प्रत्येक घराचे नाते आहे. माझे सासरे, ज्यांना सारे घर आबा म्हणते, आयुष्यभर एका कांद्याच्या खळ्यावर दिवाणजी होते. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचा वावर पलंग, खुर्ची आणि ओसरी एवढ्यापुरता उरला आहे. त्यांना उठवणे, बसवणे, स्नान घालणे ही कामे माझ्याकडे आहेत. घराबाहेरची नोकरी मला शक्य नव्हती आणि मिळकतीत भर घालणे तर आवश्यक होते. सकाळची कामे आटोपल्यावर मिळणारे दोन तास, हातातला जुना मोबाइल आणि पाच हजार रुपये, एवढेच माझे भांडवल होते.

एवढ्या भांडवलात माल भरून ठेवता येत नाही, ही गोष्ट आम्हांला हिताची ठरली. कारण त्यामुळे आम्ही उलट्या वाटेने निघालो: मागणी आधी, खरेदी नंतर. ही वाट काही आमची नव्हे. बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक चळवळीतून 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गायक-संगीतकार सुधीर फडके हे तिच्या संस्थापकांपैकी एक. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकदम घाऊक दराने घ्यायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. दुकानाचे भाडे नाही, पडून राहणारा माल नाही, जाहिरात नाही. त्याही आधी, 1844 साली, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी 28 जणांनी 28 पौंडांच्या भांडवलावर पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ असा मोजका माल मांडून दुकान उघडले होते. भेसळ नसलेला माल आणि चोख माप ही त्यांची प्रतिज्ञा होती. भांडवल तुटपुंजे असले तरी दुकान विश्वासार्ह असू शकते, हे त्या विणकरांनी आणि कामगारांनी सिद्ध केले.

आमच्या पाच हजारांची वाटणी आबांनी केली. खाद्यपदार्थ सीलबंद असले तरी ते विकण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते; मी ती घेतली तेव्हा छोट्या विक्रेत्यासाठी तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते. खोकी, पिशव्या आणि चिकटपट्टी यांसाठी 650. पावतीपुस्तके आणि मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी 250. जाण्यायेण्यासाठी आणि हमालीसाठी 1,000. उरलेले 3,000 रुपये आबांनी एका पाकिटात घालून त्यावर ‘परतीचे’ असे लिहिले. वस्तू फुटली, हरवली, परत आली, तर ग्राहकाचे पैसे त्या पाकिटातून त्याच दिवशी द्यायचे. या पाकिटाला घरखर्चासाठी हात लावायचा नाही, ही आमच्या दुकानाची पहिली अट.

मोबाइलवरील व्हॉट्सॲपची व्यवसायासाठीची आवृत्ती विनामूल्य आहे. तीत वस्तूंची छायाचित्रे आणि किमती मांडता येतात. वेगळे संकेतस्थळ, त्याचे वार्षिक भाडे, ते सांभाळणारा माणूस, यांची गरज पडली नाही. महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मागण्या घ्यायच्या, मग एक दिवस नाशिकच्या घाऊक बाजारात जायचे. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. लहान धंद्याच्या हिशेबात तोही आधारच. गावातली पार्सले पुतण्या सायकलीवरून पोहोचवतो, बाहेरगावची टपालाने जातात.

आता प्रश्न सवलतीचा. समजा, एका वस्तूची छापील किंमत 500 रुपये आहे आणि घाऊक बाजारात ती 400 रुपयांना मिळाली. भाडे, हमाली, खोके यांचे 25 रुपये. उरले 75. त्यांतले 40 आम्ही ग्राहकाला देतो, 35 घरात येतात. म्हणजे सवलत आठ टक्के. ‘एवढीच?’ असे कोणी विचारले की मी हाच हिशेब मांडून दाखवते. छापील किमतीत सर्व कर आलेले असतात, तिच्यापेक्षा एक रुपयाही अधिक घेता येत नाही. तिच्यापेक्षा कमी मात्र घेता येते. पण किती कमी, हे खरेदीची किंमत ठरवते. 500 ची हीच वस्तू आम्ही 250 ला देऊ लागलो, तर ते पैसे कुठून तरी यायला हवेत. एक तर आमचे घर बुडेल, नाही तर माल खोटा असेल, नाही तर त्या वस्तूचा काळ संपत आला असेल.

स्वस्ताईची ही दुसरी बाजू विंचूरला कोणी शिकवावी लागत नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि आमच्या भागातल्या बाजारसमित्यांत भाव कोसळले. शहरातल्या स्वयंपाकघरात कांदा स्वस्त होतो, तेव्हा इकडे कोणाच्या तरी अंगणात मजुरीही न सुटलेला ट्रॅक्टर परत येऊन उभा राहतो. आबांनी आयुष्यभर हे दोन्ही चेहरे पाहिले. म्हणून दुकान सुरू करताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: “सूनबाई, सवलत द्यायची ती कोणाच्या खिशातून?” आमचे उत्तर ठरले. जो खर्च टाळता येतो, त्यातून: भाड्यातून, साठ्यातून, जाहिरातीतून. वस्तूच्या दर्जातून नाही आणि राबणाऱ्या माणसाच्या पोटातूनही नाही. त्या माणसांत मी स्वतःही आलेच.

या उत्तराची कसोटी लवकरच लागली. पावसाळ्याच्या तोंडाशी एका घाऊक विक्रेत्याने प्रथिनांच्या पावडरीचे डबे निम्म्याहून कमी दरात देऊ केले. डबे सीलबंद होते, नाव नामांकित होते, मुदत संपायला सहा आठवडे होते. त्या एका व्यवहारात आम्हांला जेवढे पैसे मिळाले असते, तेवढे एरवी चार महिन्यांतही मिळाले नसते. आणि आबांना चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची दोन महिन्यांची फी त्या वेळी थकलेली होती. मी एक डबा नमुन्यासाठी घरी आणला. आबांनी चष्मा लावला, डबा खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी छापलेली तारीख त्यांना काही वाचता आली नाही. डबा माझ्या हातात देत ते म्हणाले, “हा ज्या घरात जाईल, तिथं एवढं बारीक वाचणारे डोळे आहेत का?”

वाचकहो, म्हाताऱ्या माणसाच्या घरात असा डबा सहा आठवड्यांत संपत नाही. चमचा-चमचा घेत तो तीन-तीन महिने पुरवला जातो, कारण महाग वस्तू जपून वापरण्याची त्या पिढीला सवय आहे. दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला नकार कळवला. थकलेली फी आम्ही तीन हप्त्यांत दिली. त्यानंतर आमच्या प्रत्येक पार्सलात एक चिठ्ठी जाते. तिच्यावर बोटाएवढ्या अक्षरांत चार ओळी असतात: छापील किंमत, आमची किंमत, माल कधीचा, कधीपर्यंत वापरावा. ऑनलाइन बाजारातील विक्रेत्याने मुदतीची तारीख ग्राहकाला कळवावी, असे 2020 चे ई-कॉमर्सविषयीचे ग्राहक संरक्षण नियमही सांगतात. पण नियमात अक्षरांची उंची किती असावी हे आमच्या चिठ्ठीइतके स्पष्ट नाही. ती आबांच्या डोळ्यांनी ठरवली. चिठ्ठ्या तेच लिहितात. दुपारी ओसरीवर खुर्चीत बसून, एकेक तारीख मला मोठ्याने वाचायला लावून, ते पुन्हा वळणदार अक्षर काढू लागले आहेत. त्यांचे चालणे यामुळे सुधारले, असे मी म्हणणार नाही. ते काम व्यायामाचे आहे. पण “आज किती पार्सलं?” हा प्रश्न घेऊन त्यांची सकाळ उगवते, हे खरे आहे.

काय विकायचे नाही, हेही आधी ठरवावे लागते. औषधे आम्ही विकत नाही. त्यासाठी परवाना आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ग्लुकोमीटर अशी उपकरणे विकण्यासाठीही स्वतंत्र नोंदणी असते, म्हणून तीही नाहीत. स्वस्त औषधांविषयी विचारणाऱ्यांना आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेऊन जनऔषधी केंद्रात जायला सांगतो. सुटे, मोजून द्यायचे पदार्थही ठेवत नाही. व्यापारी काटा प्रमाणित करून घ्यावा लागतो. आणि प्रथिनांची पावडर कोणी मागितली, तर मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे का, डॉक्टरांना विचारले का, हे आधी विचारतो. कधी कधी या प्रश्नामुळे मागणी रद्द होते. होऊ द्यावी.

कागदपत्रांची फार धास्ती नको. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाने केवळ सूचना द्यायची असते. वस्तूंची विक्री राज्यातच असेल आणि वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही; परराज्यात माल पाठवायचा झाल्यास मात्र जाणकाराला विचारूनच पाऊल टाकावे.

ज्येष्ठांनी स्वतः व्यवहार सांभाळायचे ठरवले, तर एक गोष्ट पाठच करावी. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, चौकोनी कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ असे म्हणणारा ग्राहक नव्हे, तो भामटा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता कमी. खरेदीत अन्याय झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना आणि बंधूंना आणखी एक सांगायचे आहे. घरातले दुकान कधी बंदच होत नाही, हा त्याचा मोठा दोष. रात्री अकरालाही संदेश येतात. आजारी माणसासाठी रात्री उठणाऱ्याची झोप आधीच तुटलेली असते. उरलीसुरली झोप दुकानाने खाल्ली, तर सवलतीची किंमत आपल्या शरीराने मोजली असे होईल. आमच्या पाटीवर वेळ लिहिलेली आहे: दुपारी बारा ते दोन. त्याबाहेर मोबाइलचा आवाज बंद असतो. जड खोकी एकटीने उचलायची नाहीत. माणसाला उचलण्यासाठी मला माझी पाठ जपून ठेवायची आहे. आणि महिन्याला येणाऱ्या पैशांतला एक लहान वाटा माझ्या स्वतःच्या रक्ततपासणीसाठी आणि चष्म्यासाठी बाजूला राहतो. आबांनीच वहीत त्याचे वेगळे खाते उघडले आहे.

आमचे दुकान मोठे नाही. महिन्याच्या मिळकतीत फिजिओथेरपिस्टची फी आणि घरातले डायपर सुटतात, एवढेच. आपल्या मनात असे काही असेल, तर पाच ओळखीच्या घरांपासून आरंभ करावा. त्यांना दर महिन्याला काय लागते ते विचारावे, यादी करावी, घाऊक दर काढावा, हिशेब उघडपणे मांडावा. माल भरण्याची घाई करू नये. आणि पहिल्या पार्सलात तारखेची चिठ्ठी घालण्यापूर्वी ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्यावी. चष्म्याविना नाही, चष्म्यासह का होईना, त्यांना ती वाचता आली की दुकान उघडायला हरकत नाही.